शोभाचं रक्त

आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता पुन्हा धीर सुटेल. आमची मुलगी जन्मली तेव्हा तिच्या रक्तातलं जे तिच्या जिवावर उठलं होतं, ते माझ्याकडून तिच्यात आलं होतं. डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेऊन हे नीट समजावून सांगितलं होतं. घरी मी त्यातलं अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं इतकी वर्षं पोटात ठेवून मी देवळात जातो, आरतीला उभा राहतो. लोक मला अबोल म्हणतात. अबोल असणं किती सोयीचं असतं, हे माझं मला ठाऊक.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मी घाटंजीला खरेदी केंद्रावर प्रतवारी करायचो. बैलबंडीतून मूठभर कापूस काढायचा, चिमटीत धरून ताणायचा, रंग बघायचा आणि कोणता माल चांगला, कोणता कवडी, म्हणजे डागी, ते सांगून पुढं व्हायचं. शेतकरी हात जोडायचे, काही तर बंडीच्या चाकाशी मटकन बसायचे. मी मान वर करत नव्हतो. एका चिमटीत खरंखोटं कळतं, असा माझा समज झाला होता आणि तो समज मी संध्याकाळी घरी घेऊन यायचो. आमचा पहिला मुलगा जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. अंगावर निळे डाग होते. आई म्हणाली, "सुनेच्या रक्तातच खोट हाय." मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. शोभा, माझी पत्नी, चुलीपुढे बसली होती. तिनं ऐकलं होतं.

पुन्हा दिवस गेले तेव्हा आईनं गावच्या देवीला नवस केला. यवतमाळच्या दवाखान्यात मुलगी झाली. रडली, प्यायली, सगळं चांगलं. दुसऱ्या सकाळी शोभानं तिचं अंगडं वर केलं तर पोटावर पिसवा चावल्यासारखे बारीक लाल ठिपके. दुपारपर्यंत जिथं धरलं तिथं निळं उठायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रक्त थांबवणारे जे बारीक कण असतात, प्लेटलेट, ते हिच्यात फार कमी आहेत. डोक्यात रक्तस्राव झाला तर हातची जाईल, नागपूरला न्या. शोभा उठायला लागली. आईनं तिचा हात धरून खाली बसवलं. "ओली बाळंतीण कुठी निंगाली? सोयर हाय, बाहेर पाय टाकाचा नाही." मला तेव्हा तेच बरोबर वाटलं. खरं तर ती सोबत नको, असंच मला वाटत होतं. मी आणि धाकटा भाऊ बाळाला घेऊन निघालो. शोभा नुसती दाराकडे बघत होती.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात प्लेटलेट द्यायचं ठरलं. तिथं माझ्या हातून जे झालं ते आता लाज बाजूला ठेवून लिहितो. रक्तपेढीतल्या माणसानं सांगितलं की पिशवी तयार आहे, तुम्ही नंतर कोणाचंही रक्त बदली म्हणून द्या. मी अडून बसलो. कोणाकोणाचं, कोणत्या घरचं रक्त असेल, ते माझ्या लेकराच्या अंगात नको. आम्ही दोघं सख्खे भाऊ उभे आहोत, आमच्या घराण्याचंच द्या. त्या माणसानं पुष्कळ समजावलं. शेवटी तो वैतागला आणि आमचं दोघांचं घेतलं. आमच्याच रक्तातल्या प्लेटलेट बाळाला चढल्या तेव्हा मी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं आणि मनात म्हटलं, आता बापाचं रक्त गेलं, आता बघ.

काहीच झालं नाही. आकडा जरासा वर सरकला आणि पुन्हा होता तिथं आला. नवे ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त दिसायला लागलं.

तेव्हा त्या डॉक्टर मॅडम आल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. रक्तातल्या या कणांवर आणि शरीर स्वतःच त्यांचा नाश का करतं यावर त्यांचा अभ्यास चालला होता, हे मला मागाहून कळलं. त्यांनी बाळाकडे बघितलं आणि विचारलं, "प्लेटलेट कोणाच्या दिल्या?" मी जरा छाती काढूनच सांगितलं. "हे पहिलंच मूल?" पहिला मुलगा दुसऱ्या दिवशी गेला, ते सांगितलं. "त्याच्या अंगावरही डाग होते?" होते. मी बाही वर सारली आणि म्हणालो, "मॅडम, माहं अजून घ्या. लागन तेवढं घ्या."

"तुमचंच नको आहे," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, अगदी साधेपणानं. "आई कुठे आहे बाळाची?"

मी म्हणालो, यवतमाळला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. "आधी तिला आणा. बाळाला वाचवायचं असेल तर तिचंच रक्त लागेल."

मी फोन करायला बाहेर आलो. यवतमाळचा फोन लागेना. लागला असता तरी आई तिला सोडणार नव्हती, आणि सोडली असती तरी तिला कोण घेऊन येणार होतं? बाळाजवळ तेवढा वेळ नव्हता. बूथच्या पायरीवर बसलो. तोवर मी देवीला एकच मागत होतो की माझं रक्त लागू पडू दे. आता मागायला तेही उरलं नव्हतं. मी म्हणालो, माय, मले काही समजत नाही, तूच पाह्य. याआधी मी देवीला कधी असं म्हटलं नव्हतं. मी नेहमी काय करायचं ते सांगून मागायचो.

मान वर केली तर फाटकाशी ऑटोतून शोभा उतरत होती. कानाला फडकं बांधलेलं, पोट हातानं धरलेलं, लुगड्यावर पुढून दुधाचे ओले डाग. शेजारी एक म्हातारी ऑटोवाल्याशी भांडत होती. "बाळंतीण बाई हाय अन् तू खड्ड्याखड्ड्यातून नेऊन राह्यला! तुह्या मायनं तुले असंच आणलं होतं का रे?"

ती गयाबाई. बाभुळगावकडची, तिची लेक शोभाच्या शेजारच्या खाटेवर होती. सकाळपासून शोभाची छाती दुधानं ठणकत होती आणि ती भिंतीकडे तोंड करून रडत होती, एवढं या बाईनं पाहिलं, असं शोभानं मागाहून सांगितलं. माझी आई आडवी आली तर गयाबाई म्हणाली, "देवाले सोयर चालत नसन तं देवानं घरी बसावं. लेकरू तं हिचंच हाय ना?" आईनं विचारलं, तू हिची कोण? "कोणीच नाही. म्हणूनच तं चालली." आपल्या लेकीला नर्सच्या हवाली करून ती परक्या बाईला एसटीत घालून निघाली होती. तिच्या हातचं पाणी आमच्या आईनं घेतलं नसतं, हेही इथं लिहिलं पाहिजे. शोभाला माझ्या स्वाधीन करून ती तशीच परत फिरली. मी पाया पडायला वाकलो तर मागं सरकली. "जयभीम. लेकराकडे पाय उचल, माह्याकडे कायले पाह्यतं?"

शोभाला मशीनला लावलं. एका हातातून रक्त बाहेर, कण वेगळे काढून उरलेलं दुसऱ्या हातातून आत. अंगात ताकद नव्हती, ओठ पांढरे पडले होते. नर्सनं विचारलं, थांबवू का? तर म्हणाली, "नाई बाई, घ्या, घ्या. मी खंबीर हाय." मॅडम स्वतः तिच्या उशाशी उभ्या होत्या. तिचे कण पुन्हा पुन्हा धुतले आणि बोटभर सिरिंजमधून बाळाला दिले. दुसऱ्या सकाळी नवा ठिपका नव्हता. त्यानंतर आकडा चढला आणि टिकला. मॅडम कागद हातात घेऊन जवळजवळ धावतच आल्या. म्हणाल्या, "अशी बाळं मी शोधत असते. बहुतेक वेळा बाळ गेल्यावर माझ्याकडे नमुना येतो. या वेळी बाळ आहे!" चष्मा काढून पुसत राहिल्या. एवढं शिकलेलं माणूस परक्याच्या लेकरासाठी असं हरखतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. शोभाचं थोडं रक्त अभ्यासासाठी ठेवू का, असं त्यांनी तिलाच विचारलं, मला नाही. शोभा म्हणाली, "ठेवा ना. दुसरीच्या लेकराच्या कामी येईन."

मग मॅडमनी मला बाजूला नेलं. प्रत्येकाच्या कणांवर एक खूण असते. बाळाच्या कणांवर बापाची खूण आली. आईच्या अंगाला ती परकी वाटली आणि तिच्या अंगानं ती शत्रू समजून मारायला घेतली. तुमच्या भावाच्याही कणांवर तीच खूण, म्हणून तुमचं दोघांचं रक्त वाया गेलं. आईच्या कणांवर ती खूणच नाही आणि त्यांच्यासोबतचं मारक पाणी आम्ही धुऊन काढलं, म्हणून ते टिकले. "यात दोष कोणाचाच नाही," त्या म्हणाल्या. "पण तिला हे नक्की सांगा. अशा बायकांना घरी फार ऐकून घ्यावं लागतं. आणि पुढच्या वेळी सुरुवातीपासून माझ्याकडे या, उपाय करता येतो."

मी हो म्हणालो. आत गेलो, शोभाला सांगितलं, तुझं रक्त कामी आलं. तिचा चेहरा उजळला. मग तिनं हळूच विचारलं, "मंग आधी बिघडलं कायनं होतं?"

मी म्हणालो, "होते कधी कधी."

एवढंच. घरी आल्यावर आईनं देवीची ओटी भरली आणि गावभर सांगितलं, सुनेच्या रक्तानं बाधलं, देवीनं वाचवलं. मी ऐकत उभा राहिलो. वर्षभरानं शोभानं आपणहून ऑपरेशन करून घेतलं. "माहं रक्त लेकरायले सोसत नाही," म्हणाली. उपाय आहे हे मला माहीत होतं. तरी मी तिला दवाखान्यात सोडून आलो.

आई गेल्या वर्षी वारली, तोच समज घेऊन. परवा मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असताना मुलीनं आईला विचारलं, तुझ्यासारखा त्रास मलाही होईल का? शोभा म्हणाली, "माह्यावर नको जाऊ म्हणजे झालं." मी तिथंच बसून जेवत होतो. त्या रात्री हे लिहायला घेतलं.

देवीनं कृपा केली, याबद्दल मला शंका नाही. फक्त ती मी मागितली त्या वाटेनं आली नाही. ज्या बाईला मी घरी ठेवून गेलो, जिला सोयर म्हणून बसवलं, तिच्याच शिरेतून ती आली आणि तिला आणून सोडणारी बाई आमच्या देवळात कधी आलेलीही नव्हती. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मला वाटायचं. आपलं रक्त उपयोगी नाही हे ऐकून बाजूला होणं, एवढंच ते त्या दिवशी होतं, आणि तेवढं माझ्याकडून करवून घेतलं गेलं. त्या मॅडमचं, गयाबाईचं आणि त्या रक्तपेढीतल्या वैतागलेल्या माणसाचंही नाव मी रोज घेतो.

शोभाला वाचता येतं. पण हे तिला छापलेलं वाचून कळू नये. दोन्ही लेकरांच्या अंगावरची खूण माझी होती आणि तिच्या रक्तात खोट नव्हती, हे तिच्यासमोर बसून, मुलीच्या देखत, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.