जाळीचा दोरा

बर्नाडेट क्रेमर मत्सरी आहे असं कुणी म्हटलं असतं, तर हॅल्बर्ग गावात ते कुणालाच पटलं नसतं. शेजारचा म्हातारा आजारी पडला की आपलं गवत कापायचं यंत्र ढकलत नेऊन त्याचं अंगण साफ करून येणारी ही बाई. कुणाच्या घरी बाळ आलं की तिसऱ्या दिवशी तिची विणलेली टोपी पोचलेली असायची. सेंट गॅलस कॉलेजच्या धुलाईघरात ती लग्नाआधीपासून कामाला होती. नवरा गेला, कॉलेजचे चार अध्यक्ष बदलले, पण बास्केटबॉलच्या टीमचे कपडे तिच्याच हातून धुऊन निघत. पाठीवरचा आकडा उसवला की तीच तो पुन्हा शिवून देई. कुठला खेळाडू हरल्यावर सदरा उलटा करून फेकतो आणि कुठला घडी घालून ठेवतो, हे तिला ठाऊक असे. घडी घालणाऱ्यांची तिला जास्त काळजी वाटायची.

मत्सर तिला एकाच माणसाचा वाटे, आणि तो माणूस तिची सख्खी धाकटी बहीण होती.

मार्लीन लग्न होऊन नदीपलीकडच्या टँडी गावात गेली होती. लहानपणी आई दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवायची. तरी चर्चच्या पायऱ्यांवर लोक थांबून मार्लीनलाच म्हणायचे, काय सुंदर फ्रॉक आहे गं. बर्नाडेट शेजारी तसाच फ्रॉक घालून उभी असायची. या गोष्टीला पन्नासहून अधिक वर्षं झाली होती आणि मार्लीनला ती आठवतसुद्धा नव्हती. हेही बर्नाडेटच्या मनात होतं.

त्या वर्षी मात्र फ्रॉक बर्नाडेटचा होता. आठ कॉलेजांच्या त्यांच्या छोट्या गटात सेंट गॅलस हिवाळाभर पहिलं राहिलं. टँडी स्टेट शेवटचं, आठवं. सेंट गॅलसनं टँडीला दोनदा हरवलं, एकदा तर त्यांच्याच गावात, आणि त्या दिवशी बर्नाडेटनं बहिणीकडे जेवताना स्वतःहून ॲपल-पायचा दुसरा तुकडा मागून घेतला. सेंट गॅलस देशाच्या मोठ्या स्पर्धेत आजवर कधीच गेलं नव्हतं. आपले डोळे मिटायच्या आत एकदा तिथं बसून सामना बघावा, एवढी एकच हौस तिनं उरात जपली होती. ती तिनं कुणाला फारशी सांगितलीही नव्हती.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला तेव्हा शिपायानं शिडी आणून बास्केटखाली लावली. मोठं काही जिंकलं की बास्केटची जाळी कापायची, एकेकानं वर चढून एकेक दोरा घ्यायचा, हा या खेळातला सर्वांत मोठा मान. बर्नाडेटनं शिवणाची चांगली कात्री ॲप्रनच्या खिशात आणून ठेवली होती. पण कोच हाबिग शिडीपाशी उभे राहून म्हणाले, "आत्ता नको. ही जाळी घरचीच आहे, कुठं पळून जात नाही. खरी जाळी पुढच्या आठवड्यात कापू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बर्नाडेटनंही वाजवल्या. तिला ते पटलंच होतं. आधी कापली तर नाट लागेल अशी धास्ती तिच्याही मनात होती. शिडी परत कोठीत गेली आणि कात्री ॲप्रनमधून ड्रॉवरमध्ये.

पुढच्या आठवड्यात गटाची स्पर्धा होती. ती जो जिंकेल तोच मोठ्या स्पर्धेत जाणार, हिवाळाभर कोण कितव्या नंबरावर होतं याला तिथं किंमत नाही. पहिल्याच दिवशी पहिल्याची गाठ आठव्याशी पडली, आणि टँडी स्टेटनं सेंट गॅलसला एका बास्केटनं हरवलं. मग आणखी दोघांना हरवून टँडीनं स्पर्धाच जिंकली.

अंतिम सामना बर्नाडेटनं घरी टीव्हीवर पाहिला. टँडीच्या पोरांना मार्लीन दर रविवारी घरी बोलावून कोंबडी-नूडल्स आणि बटाट्याचा लगदा खाऊ घालायची, म्हणून जाळी कापायच्या वेळी पोरांनी तिलाही शिडीवर बोलावलं. चर्चला घालायचे बूट घालून मार्लीन वर चढली. एका पोरानं तिचा कोपर धरला. साऱ्या गटाच्या देखत तिनं एक दोरा कापला आणि वर धरून हसली. बर्नाडेटनं टीव्ही बंद केला. मग पुन्हा लावला, कारण कात्री कुठली होती ते तिला बघायचं राहिलं होतं. मुलांची होती, कागद कापायची.

शुक्रवारी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या रिवाजाप्रमाणे चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण होतं. बर्नाडेट नेहमीप्रमाणे कोबीच्या कोशिंबिरीवर उभी होती. रांगेत दुसरा विषयच नव्हता. मासे तळणारा वेंडेल क्रॉइट्झ म्हणाला की नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता, आता रडून काय होणार. पोस्टमन लिओ फेसेलचं म्हणणं पडलं की मार्चमधल्या या स्पर्धेत जिंकतो तोच लायक, बाकीचा हिवाळा ही तालीम. कुणी म्हणालं, पंच आंधळा होता. कुणी म्हणालं, आपलाच सेंटरला खेळणारा उंच पोरगा पेंगत होता.

"लायकी तीन दिवसांत ठरत नाही, लिओ," बर्नाडेट म्हणाली. "तू वर्षभर पत्रं बरोबर टाकलीस आणि एक दिवस चुकलास, तर तुझी पिशवी काढून गावातल्या सर्वांत आळशी माणसाला द्यायची का?"

"तो दिवस कुठला यावर आहे," लिओ म्हणाला. "नाताळचा असेल तर द्या."

लोक हसले. बर्नाडेटला हसू आलं नाही. "टँडी तिथं जायच्या लायकीचं नाही," ती म्हणाली. "कुणाला राग आला तर येऊ दे. आठातले आठवे आहेत ते."

ती वाक्य पुरं करते न करते तोच रांगेत पुढं मार्लीन आली. हॅल्बर्गचे मासे चांगले म्हणून ती दर वर्षी नदी ओलांडून यायची. टँडीच्या रंगाच्या हिरव्या कोटावर तिनं तो जाळीचा दोरा सेफ्टी पिननं लावला होता. लोक हात लावून बघत होते. वेंडेलनं तर तेलकट बोटं ॲप्रनला पुसून मग लावला. दोन्ही टोकांनी दोरा पिंजलेला होता. बर्नाडेटला ते आधी दिसलं आणि नंतर बहिणीचा चेहरा. मार्लीननं नुसतं ताट पुढं धरलं. बर्नाडेटनं कोशिंबीर वाढली. इतरांपेक्षा कमीच वाढली.

रविवारी संध्याकाळी कोण कुठं खेळणार ते टीव्हीवर जाहीर झालं. टँडीला ओहायोतलं कोलंबस शहर मिळालं आणि समोर एक अवाढव्य विद्यापीठ. तासाभरात मार्लीनचा फोन आला.

"गसच्या खुब्याला एवढा वेळ गाडीत बसणं झेपायचं नाही," ती म्हणाली. गस म्हणजे तिचा नवरा. "दोन तिकिटं आहेत. तू चल."

बर्नाडेटनं ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"शुक्रवारी काय म्हणालीस ते ऐकलं मी," मार्लीन म्हणाली. "गाडीत भांड. रस्ता लांब आहे."

"मी हिरवं काही घालणार नाही."

"नागडी ये, पण ये."

बर्नाडेटनं उद्या सांगते म्हणून फोन ठेवला. स्वयंपाकघरातले स्वच्छ कप तिनं पुन्हा धुतले. गेली तर सगळं हॅल्बर्ग म्हणणार, तोंडानं लायक नाही म्हणत होती आणि तिकीट दिसताच धावली. न गेली तर ती मोठी स्पर्धा आता या जन्मी दिसायची नाही. कोच हाबिगची चांगली पोरं यंदा पास होऊन चालली होती. शिवाय दुसरीही एक गोष्ट होती, ती तिनं कप धुताना मनातसुद्धा नीट उच्चारली नाही. पहिल्यांदा तिथं जायचं ते मार्लीनच्या तिकिटावर, मार्लीनच्या गाडीत, मार्लीनच्या टीमसाठी. पुन्हा तोच फ्रॉक. सकाळी तिनं फोन करून येते म्हणून सांगितलं.

निघताना पेट्रोल पंपावर वेंडेल भेटलाच. "हिरव्या झालात म्हणे, मिसेस क्रेमर," तो म्हणाला. बर्नाडेटनं तपकिरी कोटाचं वरचं बटण काढून आतला सेंट गॅलसचा लाल स्वेटर त्याला दाखवला आणि बटण पुन्हा लावलं.

गाडीत दोघी भांडल्या, पण मन लावून नाही. मार्लीनचं म्हणणं, तिची पोरं रविवारी जेवायला यायची तेव्हा हरून हरून त्यांच्या माना खाली असायच्या. अशा पोरांना जिंकता येतं हेच मोठं. बर्नाडेटचं म्हणणं, मान खाली असणं ही काही लायकी नव्हे. मग दोघींनी सँडविच खाल्लं.

कोलंबसच्या स्टेडियममध्ये जाऊन बसल्यावर बर्नाडेटनं आधी चहूकडे बघून घेतलं. तिनं मनात धरलं होतं त्याहून ते मोठं होतं. मैदानाचं लाकूड इतकं चकाकत होतं की वरचे दिवे त्यात बुडालेले दिसत. बास्केटची जाळी पांढरीशुभ्र, कोरी. इथं आपली पोरं धावली असती, त्यांच्या पाठीवर मी शिवलेले आकडे असते, हे तिच्या मनात जोरानं आलं. शेजारी मार्लीन हिरवी टोपी घालून ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हात करत होती. तिच्याकडे बघवेना म्हणून बर्नाडेट जाळीकडे बघत राहिली.

टँडीची पोरं हरणार हे पहिल्या काही मिनिटांतच कळलं. समोरची पोरं वीतभर जास्त उंच होती आणि घाई न करता खेळत होती. मागच्या रांगेत त्या विद्यापीठाचा स्वेटर घातलेला एक गोरागोमटा गृहस्थ फोनमध्ये बघून बायकोला सांगत होता की ही टीम आपल्या गटात शेवटची होती म्हणे, अशांना इथं घेतातच कशाला, दुसऱ्या कुणाची जागा अडवली.

शब्द न् शब्द बर्नाडेटचाच होता. तरी ती मागं वळली.

"त्यांनी आम्हाला हरवलंय," ती म्हणाली. "आम्ही पहिले होतो. त्यांना नावं आम्ही ठेवायची, तुम्ही नाही."

गृहस्थ दचकला. वाईट माणूस नव्हता. "तुम्ही म्हणजे कोण?" त्यानं अदबीनं विचारलं.

"सेंट गॅलस."

त्यानं आठवून बघितलं. ते नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यानं मान डोलावली आणि हातातल्या मक्याच्या लाह्या तिच्यापुढं केल्या. बर्नाडेटनं नको म्हटलं आणि पुढं वळली. तिचे कान तापले होते.

मार्लीन तिच्याकडे बघत होती. "म्हणजे लायक होते तर?"

"नाही," बर्नाडेट म्हणाली. "ते त्या माणसासाठी होतं. तुझ्यासाठी नाही."

मार्लीन हसली नाही. समोर बघतच म्हणाली, "तुमच्या पोरांनी इथं जास्त चांगलं खेळून दाखवलं असतं. मला माहीत आहे ते."

हे ऐकायची बर्नाडेट कित्येक दिवस वाट बघत होती. ऐकल्यावर मात्र त्याचं काय करावं ते तिला कळेना. टँडीची पोरं तीसहून जास्त गुणांच्या फरकानं हरली. शेवटी मार्लीन उभी राहून टाळ्या वाजवत होती तेव्हा बर्नाडेटही उभी राहिली, पण हात कोटाच्या खिशात ठेवून.

परतीच्या वाटेवर अजून उजेड होता. मार्लीनच गाडी चालवत होती. तिनं कोट काढून मागच्या सीटवर टाकला होता. बर्नाडेटनं हात मागं करून त्यावरची पिन काढली आणि दोरा मांडीवर घेतला.

"काय करतेस?"

"पिंजतोय हा. दोन्ही टोकांनी उसवत चाललाय. कागदाच्या कात्रीनं कापल्यावर दुसरं काय होणार."

पर्समधल्या डबीतून तिनं सुई आणि पांढरा दोरा काढला. एका टोकाला घट्ट वेढे देत गेली, एकाला एक चिकटून, खेळाडूंचे आकडे शिवताना देते तसे. गाडी हलत होती म्हणून हळू. मार्लीननं रेडिओ लावला, मग बंद केला.

"टीव्हीवर बघितलंस ना मला?" तिनं विचारलं. "शिडीवर?"

"बघितलं."

"कशी दिसत होते?"

बर्नाडेटनं सुईतला दोरा दातानं तोडला. "बूट चांगले होते," ती म्हणाली.

दुसरं टोकही तिनं पक्कं केलं. आता तो दोरा जन्मात सुटला नसता. पोस्टाच्या पाकिटाएवढ्या लांबीचा तुकडा, जाड, थोडा मळलेला. तो बोटांत धरून ती खिडकीबाहेर बघत बसली. ओहायोची शेतं मागं गेली आणि नदी आली. हॅल्बर्गच्या पाटीशी मार्लीननं गाडी वळवली, बर्नाडेटच्या दारात उभी केली, आणि बहिणीचा उघडा तळहात तिच्यापुढं आला तेव्हा बर्नाडेटनं तो दोरा परत दिला.