समोरच्या खुर्चीवरचे गृहस्थ

शनिवार पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्यासमोर एक गृहस्थ बसायचे. कानाजवळचे केस पिकलेले, तरी स्पर्धा परीक्षा देतच होते. पेनाचं टोपण चावत ते राज्यघटना अगदी सोपी करून सांगत. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मला त्यांचा मोठा आधार वाटे.

एका सकाळी ते मला अस्पृश्यताबंदीचं कलम समजावत होते. तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी आमच्या फिल्टरपाशी बाटली भरायला आल्या. अभ्यासिकेचे मालक ओरडले, "मावशी, तुमचं पाणी खालच्या नळाला. कितीदा सांगायचं?"

मी आशेने समोर पाहिलं. गृहस्थ हळूच म्हणाले, "हे परीक्षेत विचारलं असतं, तर मी पूर्ण मार्क घेतले असते."

मावशी रिकामी बाटली घेऊन जिना उतरल्या. गृहस्थांनी पान उलटलं. एवढा अभ्यास करून मीही असाच होईन का, या भीतीने मला पुढची ओळ वाचवेना.