वाटीतलं धान

पिंपळगाव रेणुकाईचं देऊळ अजून बरंच लांब होतं. सातव्या माळेला अनवाणी देवीला जायचा साधनाचा नेम. शाळेत विज्ञान शिकवायला निघालेल्या प्रीतीबाई तिला पाहून ऑटोतून उतरल्या अन् सोबत चालू लागल्या. बाई बुद्धवंदना करणाऱ्या, देवळात जायचं नव्हतं. तरी चपला काढून हातात घेतल्या.

"बाई, काटे हायेत. घाला की."

"तुम्ही चालून राह्यल्या, मला काय झालं?"

शेवटी साधनानं पोरीचा विषय काढला. तिच्या मोनालीनं विज्ञानाचा पेपर कोरा दिला होता. आता दहावीला बसणारच न्हाई म्हणत होती.

"तिला न्हाई जमायचं, बाई. आमच्या खानदानात कुणालाच विज्ञान आलं न्हाई. लहानपणापासून सांगून राह्यले तिला."

"तेवढं एक बराबर शिकली बघा ती!"

साधना ओशाळली. बाई हसल्या. "मला बी वाटायचं, विज्ञान मोठ्यांच्या पोरांचं. माझी आई कापूस वेचता वेचता म्हणायची, आज काय शिकलीस, मला सांग. तिला सांगता सांगताच मला आलं."

मंग म्हणाल्या, "परवा मी वर्गात पुस्तक उघडलंच न्हाई. विचारलं, घरचा घट कसाय? कधी न बोलणारी मोनाली म्हणाली, आमचं धान खिडकीकडं वाकलं. आई म्हणते, मीच घट हलवला."

बसवलेला घट हलवायचा नसतो. साधना पोरीला वाट्टेल ते बोलली होती.

"मी म्हणलं, मंग कुणी हलवला, तूच शोध. घटाची उरली माती घेऊन तिनं हौसेनं एका वाटीत धान पेरलं होतं. तेही खिडकीकडंच वाकलेलं. तिनं वाटी फिरवून ठेवली. सकाळी धान पुन्हा उजेडाकडं वळलेलं! काल वाटी घेऊन वर्गासमोर उभी राहिली. पोरं बघायला बाकांवर चढली."

साधना रस्त्यातच थांबली. दरवर्षी ती घटाला पाणी घालते. इवलं धान, त्याला ना डोळे, ना कुणी वाट दाखवणारं. अन् उजेड कुठंय ते त्याला कळतं! अंगावर सरसरून काटा आला. देवीआईची ही करणी तिच्या पोरीनं पाहिली, अन् साधनानं स्वतः घटासमोर बसून कधी पाहिली न्हाई. तिचे हात आपोआप जुळले.

"आता बसंल का हो ती दहावीला?"

"वर्गात धीट झाली. घरी अजून भिऊन राह्यली."

कळस दिसू लागला. शाळेच्या फाट्यावर बाईंनी चपला घातल्या.

"साधनाताई, घट उठला की देवीचं धान केसात माळता ना? तिच्या वाटीतलं बी थोडं माळा. तिच्यासमोर."