कळंबोलीपर्यंत

ह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद करायला सांगितलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही जुईनगरला राहायचो आणि ह्यांची नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका व्यापाऱ्याकडे. हे बसने जायला लागले. एका संध्याकाळी कोपर सोलवटून घरी आले. बाजारात रिव्हर्समध्ये मागे येणारा ट्रक त्यांना दिसलाच नव्हता. कोणीतरी शर्ट धरून ओढलं म्हणून वाचले. जेवताना ही गोष्ट त्यांनी अगदी सहज सांगितली. वर म्हणाले, गाडी विकून टाकू, उगाच खाली धूळ खात पडलीय.

"विकायची नाही," मी म्हटलं. "मी शिकते."

माझी पस्तिशी उलटली होती आणि मला साधी सायकलही येत नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, लायसन्सही मिळालं. पण तिथल्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा. माझं सगळं धैर्य त्या ब्रेकवर होतं, हे आमची जुनी फियाट हायवेला काढली तेव्हा कळलं.

नेरूळकडे जाताना पुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं. पुढची गाडी हलली, मी क्लच सोडला, इंजिन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. गाडी हळूहळू मागे सरकायला लागली आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. हँडब्रेक ओढायचंही मला सुचेना. शेजारी बसलेले हे उतरले आणि गाडीच्या मागे जाऊन ट्रकला हात दाखवत उभे राहिले. आरशात मला त्यांची पाठ दिसत होती. ज्यांना धड दिसत नाही, ते माझ्यासाठी ट्रकपुढे उभे होते, आणि मी मागे घसरले असते तर पहिले तेच सापडले असते.

गाडी कशीबशी वर चढली. घरी आल्यावर मी बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि ह्यांना सांगितलं, की उद्यापासून सकाळी मी एकटीच गाडी काढणार. त्यांना ते लागलं. आपण शिकवू, असं त्यांच्या मनात होतं. "तुम्ही शेजारी असलात की माझं लक्ष रस्त्यावर राहत नाही," मी म्हटलं, "तुमच्या चेहऱ्याकडे जातं."

रोज उजाडता उजाडता, रस्ता मोकळा असताना, मी त्याच पुलावर जायचे. चढाच्या मध्यावर कडेला मुद्दाम थांबायचे, हँडब्रेक ओढायचे आणि निघायचे. पुढे वळून परत, पुन्हा चढ. सुरुवातीला इंजिन बंद पडलं की डोळ्यांत पाणी यायचं. नंतर नुसता राग यायचा आणि मी किल्ली फिरवायचे. क्लच कुठे पकडतो ते हळूहळू तळपायाला समजायला लागलं.

मग एका सकाळी हे बसला निघाले तेव्हा मी किल्ली घेऊन खाली उतरले.

कळंबोलीच्या वळणानंतर दोन्ही बाजूंना नुसते ट्रक. पुढच्या ट्रेलरमधून लोखंडी सळया बाहेर आलेल्या, टोकांना लाल फडकं बांधलेलं. मी अंतर ठेवून चालले. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. हात घामाने निसटत होते, एकेक करून पदराला पुसले. शेजारी हे डबा मांडीवर धरून बसले होते.

दुकानासमोर उतरल्यावर त्यांनी खिडकीत वाकून विचारलं, "एकटी जाशील ना घरी?"

"जाईन. आणि संध्याकाळी दुकानातच थांबा, रस्त्यावर येऊ नका. मी आत येते."

त्यांनी मान हलवली. ते आत जाईपर्यंत मी थांबले. वळायच्या जागेत एक ट्रेलर आडवा आला होता. त्याला जाऊ दिलं, मग रिव्हर्स टाकला.