लाईट आल्यावर पहिला वाटा कुणाचा

भावकीच्या विहिरीवर पाण्याची वाटणी करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे इंटरनेटची वाटणी मला कुणी शिकवावी लागली नाही. माणमधल्या आमच्या इमारतीत भाड्याच्या सहा खोल्या आहेत, सातवं आमचं घर, आणि बाहेरून येणारी लाईन एकच. म्हणून सात सारखे वाटे. घरमालकाला जास्त नाही आणि दिवसभर लोळत सिनेमे बघणाऱ्यालाही कमी नाही. जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर ठेवलाय, त्यातला प्रोग्राम ही वाटणी करतो.

अडचण एकच होती. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा, प्रोग्राम मात्र झोपलेलाच राहायचा. मी शेतावरून येऊन बटण दाबेपर्यंत ज्याचा जोर जास्त तो सगळी लाईन ओढायचा. विहिरीवर असं झालं असतं तर फावडी निघाली असती.

वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत नांदेडकडचा एक मुलगा राहतो. कंपनीत नेटवर्किंगचंच काम करतो. तो म्हणाला, “काका, सुरुवातीची सेटिंग एकदा नीट लावली की तुम्हाला जिन्याखाली वाकायलाच नको.”

मी शेजारी स्टूल टाकून बसलो. त्याने एक पान उघडलं. लाईट आल्यावर प्रोग्रामने आपणहून उठायचं की नाही, उठून किती थांबायचं, कुणाला किती द्यायचं, सगळं त्यात लिहिता येत होतं. थांबायचं कशाला, तर बाहेरची लाईन यायला वेळ लागतो. प्रोग्राम आधी उठला तर लाईनच नाही असं समजून परत झोपतो. हे मला लगेच पटलं. पाइपात पाणी नसताना मोटर चालू केली तर तीही कोरडी फिरते.

मुलाने सगळं लावलं. मी मोबाईल घेऊन खोलीखोलीत वेग मोजला. सगळीकडे सारखा. मी खूश.

नंतर एकदा लाईट गेली आणि आली. प्रोग्राम शहाण्यासारखा आपला आपण उठला. माझी सवय म्हणून मी परत मोजलं, तर मागच्या खोलीत दुप्पट! आता माझ्या लक्षात आलं. माझ्यासमोर चालू असलेली वाटणी सरळ होती, पण सुरुवातीच्या पानावर त्याने वेगळंच लिहून ठेवलं होतं. ते लाईट जाऊन आल्याशिवाय अंमलात येणारच नव्हतं. पोरगं हुशार.

तेच पान उघडलं आणि त्याच्या खोलीपुढे निवडून टाकलं, ‘मालकाला विचारून’, म्हणजे लाईट आल्यावर मी हो म्हणेपर्यंत तिथलं नेट बंद. येईल विचारायला, तेव्हा तोंड बघू.

पुढच्या रविवारी दुपारी लाईट गेली आणि थोड्या वेळाने आली. सगळ्या खोल्यांत नेट आलं, आणि पाठोपाठ मुलगा जिना उतरून आला. वर इस्त्रीचा निळा शर्ट, केस चापून बसवलेले, कमरेखाली बर्मुडा, काखेत लॅपटॉप.

“काका, माझ्याच खोलीत नेट नाही. मोबाईलला पण मागं रेंज नाही.”

“आसं? बाकीच्यांकडं तर हाय.”

“जरा बघा ना, लवकर!”

“मला कुटं कळतंय त्यातलं? तुझंच काम हाय ते.”

त्याने जिन्याखाली वाकून पान उघडलं आणि तसाच राहिला. “हे कुणी केलं?”

“त्याच्या आदीचं कुणी केलं हुतं?”

त्याचे कान लाल झाले. “काका, शिव्या नंतर द्या. लातूरचे पाहुणे मुलीला घेऊन व्हिडिओवर बसलेत. मी नेटवर्किंगमध्ये आहे म्हणून सांगितलंय त्यांना. आता नेट नाही म्हणालो तर स्थळ गेलं माझं!”

आमची म्हातारी आई दारातून ऐकत होती. ती माझ्यावरच ओरडली, “मुडद्या, पोराचं लगीन जमतंय आन् तू खुटी मारून बसलायस व्हय? आण त्याला आत!”

सेटिंग बदलून सगळं परत सुरू करण्यापेक्षा ते सोपं होतं. आमच्या नेटवर, आमच्याच सोफ्यावर त्याला बसवला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई.

पडद्यावर मुलीचे वडील म्हणाले, “नेटवर्किंगमध्ये आहात म्हणता, आणि तुमचंच नेट गेलं?”

“लाईट गेली होती. आल्यावर वर माझ्या खोलीत नेट आलं नाही, म्हणून खाली घरमालकांकडे आलोय,” मुलगा पुटपुटला.

मुलगीही कॉम्प्युटरचंच शिकलेली. ती म्हणाली, “लाईट आल्यावर खाली नेट आलं, वर आलं नाही. असं कसं?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. तिचे वडीलही माझ्याकडेच वळले. “घरमालक, तुम्हीच सांगा. मुलगा कसा आहे?”

लग्नाच्या गोष्टीत खोटं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, “निर्व्यसनी हाय. नळ उघडा टाकून जात न्हाई. पण लाईट आल्यावर आपल्या खोलीला दुप्पट, आसं यानं गुपचूप लावून ठेवलं हुतं. म्हणून मी त्याची खोली अडवली.”

आईने मला चिमटा काढला. मग मुलीनेच विचारलं, “दुप्पट कशाला हवं होतं?”

मुलगा खाली मान घालून म्हणाला, “तुमचा चेहरा अडकत अडकत दिसू नये म्हणून.”

वडिलांना एकदम खोकला आला. मुलीने ओठ आवळले. “बरं. उभे राहून दाखवा. उंची बघायचीय.”

“आत्ता?”

“मुलींना नाही का उभं करत?”

“ऊठ की रं,” आई म्हणाली.

तो उठला. बर्मुडावर पिवळी बदकं होती, ती लातूरपर्यंत दिसली. तिकडे कोण कोण हसत होतं ते मोजता आलं नाही. वडील डोळे पुसत म्हणाले, “घरमालक, दोघांना पुरेल अशी खोली आहे का तुमच्याकडे?”

“पुढची रिकामी व्हनार हाय. पण खोली एक तर वाटाबी एकच.”

“चालेल,” मुलगी म्हणाली. “आतली वाटणी मी करीन.”

आई तोवर साखरेचा डबा घेऊन आली होती. पडद्यातल्या पाहुण्यांचं तोंड गोड कसं करायचं म्हणून ती जरा थबकली. मग एक चिमूट तिने मुलाच्या तोंडात घातली आणि दुसरी माझ्या, “आता तरी गप बस,” असं म्हणून.