निराकार मशीनची पूजा

ज्या मशीनला अंगच नाही तिला टिळा कुठे लावायचा, असं एका पंडितजींनी मला भर सर्व्हर रूममध्ये विचारलं होतं. त्या दिवशी मी इतकी हसले, चिडले, घाबरले आणि पुन्हा हसले, की संध्याकाळी गालफडं दुखत होती. हसण्यासारखी परिस्थिती नव्हती, उलट माझं सगळंच पणाला लागलं होतं. पण मी अशीच आहे. घाबरले की मला हसू फुटतं आणि हसू दाबलं की राग येतो.

आम्ही तेव्हा मानक नगरला रेल्वेच्या कॉलनीत राहायचो. नवरा रेल्वेच्या संशोधन खात्यात इंजिनिअर. लग्न झालं, मी सोलापूर सोडून त्याच्या नोकरीमागे लखनौला आले, मुलगी झाली, आणि माझी कॉम्प्युटरची डिग्री ट्रंकेत गेली ती गेलीच. मुलगी शाळेत रुळल्यावर मी पुन्हा पुस्तकं काढली, दोन-चार ठिकाणी नकार खाल्ले आणि शेवटी तेलीबागच्या पुढे एका खाजगी संस्थेत वर्षाच्या करारावर लागले. संस्था शेतीवर संशोधन करायची. मातीचे नमुने, पिकांच्या नोंदी, उपग्रहातून घेतलेले शेतांचे फोटो. हे सगळं ज्या सर्व्हरवर चालायचं ते सांभाळणं माझं काम. पहिल्या दिवशी सर्व्हर रूमचं दार उघडलं, पंख्यांची घरघर कानावर आली, आणि मला असा काही आनंद झाला की सांगायची सोय नाही. नवऱ्याला घरी येऊन म्हटलं, "मला आजपासून स्वयंपाकात मीठ कमी-जास्त झालं तर बोलायचं नाही."

करार संपत आला आणि नेमका तेव्हाच नवऱ्याला सोलापूरला बदली घ्यायची संधी आली. घरचे हरखले. सासूबाईंनी फोनवर शाळेची चौकशीसुद्धा सुरू केली. "आजी, मुझे नहीं आना," असं म्हणून मुलीने फोन माझ्या हातात कोंबला आणि पळाली. नवरा म्हणाला, "तुझी नोकरी पक्की झाली तर राहू. नाही तर जाऊ. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला ऑफिसात काय ते कळवायचंय." पूजेच्या दिवशीच आमच्या संस्थेचे विश्वस्त येणार होते आणि माझं काम बघून मला ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. म्हणजे सोलापूर की लखनौ, याचं उत्तर माझ्या सर्व्हर रूममध्ये लागणार होतं.

आता ते काम काय होतं ते सांगते. संस्थेला डेटा ठेवायला मोठी जागा हवी होती. एका कंपनीने फ्रिजएवढं स्टोरेजचं कपाट घ्या म्हणून गळ घातली होती आणि आमचे डायरेक्टर साहेब त्या कपाटाच्या फोटोवर पार भाळले होते. मी म्हटलं, आपल्या तीन सर्व्हरमध्ये निम्म्याहून जास्त डिस्क रिकाम्या पडल्यात. एक सॉफ्टवेअर मिळतं. ते प्रत्येक सर्व्हरच्या पोटात एक आभासी मशीन तयार करतं, आणि ही तीन मशीनं मिळून सगळ्यांच्या डिस्क एकच मोठं कोठार म्हणून दाखवतात. एक सर्व्हर बंद पडला तरी माल दुसऱ्याकडे असतोच. लायसन्स घ्यायचं, बस्स.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बहुत ख़ूब, मैडम. लेकिन वो आएगी किसमें? टेंपो भेजना होगा?"

"सर, वो डाउनलोड होगी."

"अच्छा," ते म्हणाले, पण चेहरा पडला. नवीन वस्तू येणार आणि खोकं फोडायला मिळणार नाही, हे त्यांना काही पटेना. माणूस मात्र लाखात एक. शेवटी त्यांनीच विश्वस्तांपुढे माझी बाजू लावून धरली. अट एकच होती. मागे कधीतरी संस्थेत चोरीचं सॉफ्टवेअर सापडून नाचक्की झाली होती, त्यामुळे विश्वस्तांना तिन्ही मशीनांसमोर लायसन्सची हिरवी खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. नुसतं चाचणीवर चालवून दाखवलेलं त्यांना चालणार नव्हतं.

मी तिन्ही मशीनं उभी केली. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाला एक नंबर असतो, आभासी मशीन असली तरी असतोच. ते तीन नंबर परदेशातल्या कंपनीला कळवले, आणि बऱ्याच दिवसांनी, दोन-तीनदा आठवण करून दिल्यावर, त्या नंबरांवर बांधलेली लायसन्सं मेलने आली. पूजेच्या आदल्या संध्याकाळी मी तिन्ही लायसन्सं घालून बघितली. तीन हिरव्या खुणा! मी खोलीचं दार लावून घेतलं आणि एकटीच नाचले. खोटं कशाला बोलू.

विश्वकर्मा पूजा म्हणजे इथली आपली खंडेनवमी, फक्त सप्टेंबरात येते आणि कारखाने, वर्कशॉप, गॅरेज सगळीकडे दणक्यात होते. सकाळी पोचले तर संस्थेचा ट्रॅक्टर नवरदेवासारखा सजलेला. जनरेटरला हार, माती चाळायच्या यंत्राला हार, झेरॉक्स मशीनच्या कपाळावर कुंकू. पंडितजी प्रत्येक मशीनला कलाव्याचा लाल धागा बांधत पुढे सरकत होते, आणि मागे साहेब बुंदीच्या लाडवांचं ताट घेऊन. वरात माझ्या दारात आली. पंडितजींच्या हातात पेटता कापूर!

"पंडितजी, आग अंदर नहीं आएगी!" मी दारातच आडवी झाले. आतल्या धुराच्या अलार्मने बोंब ठोकली असती तर सगळी मशीनं आपोआप बंद. पंडितजींनी बिचाऱ्यांनी कापूर बाहेर ठेवला आणि हळदीकुंकवाची वाटी घेऊन आत आले.

"नई मशीन कौन सी है?"

"इन तीनों के अंदर है."

"अंदर?" त्यांनी वाकून जाळीतून आत बघितलं. "दिखती तो नहीं."

"दिखेगी भी नहीं."

"मतलब निराकार है?"

"जी, निराकार ही समझिए."

"तो टीका कहाँ लगाएँ?" ते खरोखर अडचणीत पडले होते. मी कशीबशी हसू गिळत माझ्या मॉनिटरकडे बोट दाखवलं. त्यांनी मॉनिटरच्या चौकटीला टिळा लावला, उंदीर पकडावा तसा माऊस पकडून त्याला धागा बांधला, आणि मला हुंदका दिल्यासारखा आवाज करून खोकल्याचं नाटक करावं लागलं.

तेवढ्यात साहेबांनी स्क्रीन बघितली. "अरे, ये तो चल रही हैं. पूजा से पहले ही चला दीं आपने?" आवाजात राग नव्हता, रागाचं मी बघून घेतलं असतं. लहान मुलाच्या वाढदिवसाचा केक कुणी आधीच कापून ठेवावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांना मुहूर्तावर स्वतःच्या हाताने मशीन सुरू करायची होती. खोकं नाही, फीत नाही, आता मुहूर्तही नाही.

मला दया आली, आणि त्याहून जास्त शहाणपणा दाखवायची हौस आली. "सर, दो मिनट. आपके हाथ से नई बना देते हैं," असं म्हणत मी तिसरी मशीन पुसून टाकली. चाचणीच चालली होती, शास्त्रज्ञांचा एकही आकडा अजून वर चढवलेला नव्हता. मग खुर्ची साहेबांना दिली. पंडितजींनी मंत्र म्हटला, साहेबांनी धागा बांधलेल्या माऊसने शेवटचं बटण दाबलं, स्क्रीनवरची पट्टी भरत गेली आणि नवी मशीन उभी राहिली. टाळ्या पडल्या. मी ऐटीत लायसन्स चिकटवलं.

लाल फुली आली. लायसन्स अमान्य.

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. नवी मशीन म्हणजे नवा नंबर, आणि लायसन्स होतं जुन्या नंबरावर! मी साहेबांच्या भल्यासाठी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. कंपनीकडून नवं लायसन्स यायला दिवसच्या दिवस लागणार, आणि विश्वस्तांच्या गाड्या तर फाटकातून आत शिरत होत्या. डोळ्यांपुढे सोलापूरला जाणारं सामान दिसायला लागलं, अगदी गाद्यांच्या वळकट्यांसकट.

"सब ठीक है न?" साहेब म्हणाले.

"नहीं है! आपके मुहूर्त के चक्कर में लाइसेंस गया, सर!" मी ओरडलेच. वर मला हसू यायला लागलं, आणि ते बघून साहेब आणखीच घाबरले.

पण माणूस कसा बघा. त्यांनी सरळ लाडवांचं ताट उचललं. "मैं उन्हें ट्रैक्टर दिखाता हूँ. फिर जनरेटर दिखाता हूँ. आप जुटिए." दारातून परत वळून म्हणाले, "पंडितजी, आरती ज़रा लंबी हो सकती है?"

"कितनी लंबी?"

"जब तक मैडम की हरी बत्ती न आ जाए."

"हो जाएगी," पंडितजी म्हणाले, आणि दाराबाहेर बसून त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं. एक देव संपला की दुसरा. मला माहीत नसलेले देवही त्यांनी बोलावले.

मी डोकं धरून बसले आणि मग आठवलं. नंबर मशीन स्वतः घेते खरं, पण आपणही देऊ शकतो की! आपल्याकडे आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवतातच ना? पुसलेल्या मशीनचा नंबर लायसन्सच्या मेलमध्ये होताच. नवी मशीन बंद केली, सेटिंगमध्ये जुना नंबर लिहिला. सॉफ्टवेअर म्हणालं, असा नंबर हाताने देता येणार नाही. "देता येणार नाही म्हणजे काय? तुझ्या बापाला येईल!" मी मराठीत बजावलं. मग त्या मशीनची सगळी माहिती ज्या फाईलमध्ये असते तीच उघडली, आणि नंबर थेट आत लिहिला. एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते, बाहेरून पंडितजी गजाननापासून नवग्रहांपर्यंत पोचले होते, आणि मला काही केल्या हसू आवरेना. मशीन चालू केली. लायसन्स पुन्हा चिकटवलं.

हिरवी!

"पंडितजी, आ गई!" मी किंचाळले. त्यांनी देवाला अर्ध्या ओळीत सोडून शंख फुंकला. शंख ऐकून साहेब विश्वस्तांना घेऊन जवळजवळ पळतच आले. विश्वस्तांनी चष्मे सारखे करून तीन हिरव्या खुणा बघितल्या, टिळा लावलेला मॉनिटर बघितला, मग मला दोन प्रश्न विचारले. मी काय उत्तरं दिली मला आठवत नाही. त्यांच्यातले सगळ्यात वयस्क गृहस्थ साहेबांना म्हणाले, "इन्हें पक्का कर लीजिए, भई." साहेबांनी माझ्या हातावर एक सोडून तीन लाडू ठेवले.

ते लाडू हातात घेऊनच मी गच्चीत धावले आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो, झालं! पक्की झाले मी! जा, आत्ताच्या आत्ता सांगून या, आपण कुठेही जात नाही म्हणून!"

"सांगितलंय," तो म्हणाला.

"काय सांगितलंय?"

"बदली नको म्हणून. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या लिहून दिलं."

मला कळेचना. "पण माझं तर आत्ता झालं! नसतं झालं तर?"

"नसतं झालं तर दुसरीकडे शोधली असतीस. लखनौत काय एकच सर्व्हर रूम आहे? सोलापूरला नेऊन तुला पुन्हा घरात बसवणार होतो का मी?"

"मग मला सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले. "सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा!"

"किती वेळा फोन लावला. तू उचलशील तर शपथ."

फोन कानापासून काढून बघितला. खरंच त्याचे फोन येऊन गेले होते. पहिला तर मी तिसरी मशीन पुसली त्याच्याही आधीचा होता. ज्या नोकरीसाठी मी सकाळभर देव पाण्यात घालून बसले होते, ती मिळणार की नाही हे माहीत नसतानाच हा माणूस माझ्यासाठी बदलीला नाही म्हणून आला होता, आणि आपल्या आईला काय सांगायचं हेही त्याने स्वतःचं स्वतः ठरवलं असणार. मी त्याला पुष्कळ झापलं. झापता झापता मला रडू यायला लागलं, ते त्याला कळू नये म्हणून मी एक आख्खा लाडू तोंडात कोंबला. तरी त्याला कळलंच. त्याने फोन ठेवला नाही. माझा लाडू संपेपर्यंत थांबून राहिला.