महारुद्रअण्णांची गेलेली भूक

तामलवाडीच्या महारुद्रअण्णांचा नवरात्राचा उपास गावाला तोंडपाठ होता. सकाळी परातभर साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी डझनभर केळी. नऊ दिवस अनवाणी राहायचं आणि दहाव्या दिवशी दोन किलो वजन वाढवून चपला घालायच्या, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम. त्यांची बायको मथुराबाईही अनवाणीच असायची. कपभर दुधावर आणि एखाद्या केळ्यावर ती शेत आणि चूल दोन्ही ओढायची. पण बायकांच्या उपासाची दखल घ्यायची गावाला सवय नव्हती.

यंदा तिसऱ्या माळेला अण्णांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. पाचव्या माळेला पाय टम्म सुजला, अंगात कणकण आली आणि भगरीचं ताट अण्णांनी चक्क परत पाठवलं. मथुराबाईनं ताट खाली ठेवलं.

"दवाखान्यात चला बगू," ती म्हणाली.

"तितं पट्टी बांधून चप्पल घाला म्हणत्याल. नेम मोडू व्हय? आन् भूक काय आजारानं गेली न्हाय. देवीआईनं काढून घेतली."

अण्णा थाप मारत नव्हते, हे त्यातलं वाईट. जन्मभर पोटानं नाचवलेला माणूस; भूक गेल्यावर आपण संतपदाला पोचलो, असंच त्यांना वाटू लागलं. शेजारच्या कोंडीरामनं बातमी गावभर केली. सातव्या माळेला ओसरीवर रांग लागली. लोक वाकायचे आणि नेमका सुजलेला पाय धरायचे. अण्णांच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. ते भक्तीचं आहे असं समजून पुढचा माणूस आणखी घट्ट धरायचा.

आठव्या माळेला करंगळी काळी पडली. मथुराबाईनं रांगेतल्याच चौघांकडून अण्णांना उचलवून जीपमध्ये घातलं आणि तुळजापूर गाठलं.

डॉक्टर शबनम यांनी पाय पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पाय वाचेल, बोट जाईल. तीन दिवस आधी यायला काय झालं होतं?"

"आईनं माझी भूक..." अण्णांनी सुरुवात केली.

"भूक पुवानं नेली, अण्णा. जखम चिघळली की सुजेतली द्रव्यं रक्तात उतरतात. ती, आणि ताणात वाढणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक, दोघं मिळून चरबीला जास्त लेप्टिन सोडायला लावतात. लेप्टिन मेंदूला सांगतं, घरात साठा भरपूर आहे, जेवू नको." त्यांनी अण्णांच्या पोटाकडं एकदा पाहिलं. "तुमच्याकडं तर गोदामच आहे."

अण्णांनी पोटावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, पू तेवढा काढा. ते लेप्टिन ऱ्हाऊ द्या की दसऱ्यापतूर."

करंगळी गेली. दसऱ्याला सकाळी भूक आली, तीही व्याजासकट. अण्णा दवाखान्यातल्या खाटेवर बसून तिसरी भाकरी मोडत होते, तेवढ्यात कोंडीराम हार घेऊन दारात आला. त्यानं भाकरीकडं पाहिलं, अण्णांच्या भरल्या गालाकडं पाहिलं. हार सलाईनच्या खांबाला अडकवून तो आल्या पावली निघून गेला.

हे अण्णांना बोट गेल्यापेक्षा जास्त लागलं. "आता कोण पाया पडंल गं माज्या?"

मथुराबाई खाटेशेजारी जमिनीवर बसून आपल्या टाचेतला काटा सुईनं काढत होती. तिला मात्र नऊही दिवस कडकडून भूक लागली होती.